भाचा परदेशी काय जेवतो?

वाळपईस आमची धाकटी बहीण राहते. तिचा थोरला मुलगा गेली तीन वर्षे दुबईतील एका हॉटेलाच्या स्वयंपाकघरात कामास आहे. गेल्या हिवाळ्यात आम्हांस तिकडे जाण्याचा योग आला, तेव्हा निरोप घेताना ती म्हणाली, "दादा, फोनवर तो सर्व ठीक आहे असेच सांगतो. पण जेवतो काय, ते तुम्ही डोळ्यांनी पाहून या." पगार किती, खोली कशी, हे तिने विचारले नाही. भाचा फिलिपिनो मुलांबरोबर एका खोलीत राहतो हे कळल्यापासून तिची ही काळजी दुणावली होती.

रविवारी भाच्याने आम्हांस सेंट मेरी चर्चमध्ये मिस्सेला नेले. हे मंदिर १९६७ साली प्रथम उभे राहिले. तेथे पूर्वी शुक्रवारी सुट्टी असे. २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी असते. गर्दीत आपल्याकडील माणसे होती, पण फिलिपिनो बंधुभगिनीही तितक्याच दिसल्या. मिस्सा आटोपल्यावर भाचा म्हणाला, "मामा, आज आमच्या मंडळींच्या खाणावळीत जेवू." त्याच्याबरोबर काम करणारे दोघे तरुण आणि त्यांच्या ओळखीची एक परिचारिका असे आम्ही सारे सातवा भागात गेलो.

ती खाणावळ बुफे पद्धतीची होती. एकदा ठरावीक पैसे भरले की हवे तितक्या वेळा वाढून घ्यावे. मात्र पानात टाकल्यास जादा आकार पडेल, अशी पाटी भिंतीवर होती. आमच्या आजीच्या घरी ही पाटी नव्हती, तिची नजरच पुरे होई. आम्ही बसताच शेजारच्या मेजावरील अनोळखी माणूस आपल्या ताटाकडे हात करून म्हणाला, "काइन तायो!" म्हणजे, या, जेवू या. आपल्याकडे जेवणारा माणूस दारावरून जाणाऱ्यास असेच म्हणतो.

पहिला घास घेतला आणि आम्ही थबकलो. आदोबो नावाचे ते कालवण. शिरका, लसूण, मिरी, तमालपत्र आणि सोयाबीनचा खारट रस यांत मुरवून शिजविलेले. नाव स्पॅनिश लोकांनी दिलेले असले तरी शिरक्यात मांस मुरविण्याची रीत त्या बेटांवर आधीपासूनच होती. आपले विंदालू तरी दुसरे काय? पोर्तुगीज लोक मांस द्राक्षमद्यात व लसणीत मुरवीत; गोव्यात द्राक्षमद्याच्या जागी माडाच्या सुरेचा शिरका आला. सुरेचा शिरका त्यांच्याकडेही होतोच. दुबईचा मुलूख मुसलमानी, म्हणून येथील आदोबो कोंबडीचा होता. गावाकडे तो डुकराच्या मांसाचा करतात, असे परिचारिकेने सांगितले. त्याच ओघात तिने दिनुगुआनची कृती सांगितली: डुकराचे मांस, आतडी-काळीज, शिरका आणि रक्त. भाचा हसून म्हणाला, "मामा, हे तर आपले सोरपोतेल!" वाफेवर फुगविलेले तांदळाचे पुतो पाहून आम्हांला सान्नांची आठवण झाली.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया मनिला येथेच फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि तेथून जपानला गेले. १५९७ साली नागासाकी येथे ते रक्तसाक्षी झाले. आपल्या किनाऱ्यावरचा माणूस चारशे वर्षांपूर्वी त्या लोकांच्या पंगतीस बसला असणार. आम्ही काही पहिले नव्हे.

शेवटी गोड म्हणून आली बिबिंगका. नाव ऐकताच आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तांदळाचे पीठ व नारळाचा रस यांची ही जाड पोळी. मातीच्या भांड्यात केळीचे पान घालून, खाली निखारे आणि वरही निखारे ठेवून भाजतात. आपल्या बिबिंकाचे थर एकावर एक, अंड्याच्या बलकाचे व तुपाचे. पण वरचा विस्तव तोच. नाताळापूर्वी १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस त्यांच्याकडे पहाटेची मिस्सा होते, आणि ती संपताच देवळाबाहेर गरम बिबिंगका विकत मिळते. हे सांगताना त्या बाईचे डोळे पाणावले. पाच नाताळ तिने घराबाहेर काढले होते. भाच्याने काही न बोलता आपल्या ताटातील तुकडा तिच्या ताटात ठेवला.

वाळपईस परतल्यावर बहिणीला सर्व सांगितले. शिरका, पुतो, बिबिंगका, सारे तिने चुलीपाशी बसून ऐकले. मग एकच प्रश्न विचारला, "तिखट असते का रे दादा?" आम्ही खरे तेच सांगितले, की मिरची त्या जेवणात फारशी नसते. ती उठली आणि माळ्यावरचा डबा काढू लागली. पुढच्या आठवड्यात गावचा एक मुलगा दुबईस निघाला, त्याच्या पेटीत सुक्या लाल मिरच्यांची पुरचुंडी गेली. तिच्याशेजारी कापडात गुंडाळलेले बिबिंकही होते, आणि त्यावर चिठ्ठी होती की चौघांत वाटून घ्यावे, त्या बाईला विसरू नये.