जुन्या वहीसंगणकातील मजकूर नव्या यंत्रात

वहीत लिहिलेला मजकूर वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला, तरी तो नाहीसा होत नाही. कागद पिवळा पडेल, कसर लागेल. अक्षर मात्र वाचता येते. 1983 साली अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून विक्रीस आलेल्या टीआरएस-80 मॉडेल 100 या संगणकाची गोष्ट निराळी आहे. जपानच्या क्योसेरा कंपनीने घडविलेले हे यंत्र आकाराने जाड वहीएवढे असून चार पेन्सिल सेलवर चालते. पडद्यावर 40 अक्षरांच्या अवघ्या 8 ओळी मावतात; पण त्याचा कळफलक इतका चांगला, की बातमीदारांनी ते डोक्यावर घेतले. मिळेल तेथे बसून बातमी लिहावी आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरीकडे धाडावी, ही सोय त्यांना प्रथम या यंत्राने करून दिली म्हटले तरी चालेल. आजही हौशी मंडळी त्यावर लिहितात.

या यंत्रात डिस्क नाही. सारा मजकूर मेमरीत राहतो; ती 8 पासून 32 किलोबाइटपर्यंत. आत एक लहानशी पुन्हा भारित होणारी बॅटरी असते. मुख्य सेल काढले तरी काही दिवस तीच मजकुराला जिवंत ठेवते. ती थकली की मजकूर गेला. म्हणून कोणाच्या माळ्यावर हे यंत्र चाळीस वर्षांनी सापडले, तर नवे सेल घातल्यावर ते कदाचित सुरू होईल. परंतु आत लिहिलेले काही मिळण्याची आशा करू नये.

मग जुने लेखन शोधावे कोठे? यंत्रासोबतच्या खोक्यात कॅसेट आहेत का ते पाहावे. त्या काळी मजकूर साध्या टेपरेकॉर्डरवर ध्वनीच्या रूपाने साठवीत असत. कॅसेट लावली तर कानाला नुसती कर्कश किरकिर ऐकू येते. पण ती किरकिर म्हणजे दोन निरनिराळ्या पट्ट्यांचे स्वर, आणि त्या स्वरांतच शून्य व एक हे अंक दडलेले असतात. अशी कॅसेट पुनःपुन्हा वाजवून पाहण्याचा मोह आवरावा. फीत जुनी, रेकॉर्डरचा पट्टा सैल. एकदा गुंतली की संपले. प्रथम तिचा ध्वनी नव्या यंत्रावर स्वच्छ मुद्रित करून घ्यावा आणि मग तो मुद्रित ध्वनी मॉडेल 100 च्या कॅसेटच्या खाचेत सोडावा. आवाज फार मोठा वा फार लहान असला तर यंत्र तो ओळखत नाही; दोनचार वेळा कमीजास्त करून पाहावे लागते. मजकूर मेमरीत उतरला, की अर्धे काम झाले.

पुढचे काम तारेचे. यंत्राच्या पाठीमागे 25 छिद्रांचा सीरियल पोर्ट आहे. त्यातील दुसरी पिन बोलते, तिसरी ऐकते आणि सातवी दोघांना समाईक असते. नव्या संगणकाला असा पोर्ट नसतो. म्हणून यूएसबीला लावायचे सीरियल ॲडॅप्टर घ्यावे लागते. त्याच्या 9 पिनांत दुसरी ऐकते, तिसरी बोलते आणि पाचवी समाईक. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी यावे, एवढेच तत्त्व. इतर पिनांचाही थोडा व्याप असतो. तयार नल मोडेम केबल घेतली तर तो वाचतो. मात्र ॲडॅप्टर आरएस-232 जातीचेच हवे. हौशी विद्युत्कामात वापरतात त्या पाच व्होल्टच्या लहान पट्ट्या येथे थेट जोडू नयेत. त्या जळण्याचा संभव असतो.

दोन्ही बाजूंची बोलण्याची गती एक हवी. मॉडेल 100 मधील टेलकॉम या प्रोग्रॅममध्ये 88एन1ई अशी खूण दिली, की गती सेकंदाला 9600 बिटांची होते. प्रत्येक अक्षरामागे, आरंभ आणि शेवट धरून, 10 बिट लागतात. म्हणजे सेकंदाला 960 अक्षरे. तीस हजार अक्षरांचा मजकूर अर्ध्या मिनिटात पलीकडे जातो. टेलिफोनवरून 300 च्या गतीने पाठविताना यालाच सोळा-सतरा मिनिटे लागत. शेवटची ई म्हणजे थांबण्याचा संकेत. ऐकणाऱ्याला दम लागला की तो 19 क्रमांकाचे चिन्ह पाठवून 'थांब' म्हणतो आणि 17 पाठवून 'चल' म्हणतो. नव्या यंत्रावरही हाच संकेत चालू ठेवावा. नाहीतर धावणारा नवा संगणक बिचाऱ्या जुन्यावर अक्षरांचा पाऊस पाडतो आणि मधली वाक्ये गळतात.

इंग्रजी मजकूर नव्या यंत्रात जसाच्या तसा उघडतो, कारण आजच्या यूटीएफ-8 संकेतातील पहिली 128 चिन्हे जुन्या ॲस्की संकेताचीच आहेत. फार तर ओळी एकमेकींना चिकटलेल्या दिसतील. ओळ संपल्याची खूण कोठे 13, कोठे 10, कोठे दोन्ही, एवढाच तो फरक. आपल्या मराठीचे मात्र तसे नाही. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला व मात्रेला तीन बाइट लागतात. 'मराठी' हा एक शब्द पंधरा बाइटांचा होतो. तो मॉडेल 100 कडे पाठविला तर पडद्यावर युरोपीय अक्षरे आणि चित्रविचित्र ठिपके उमटतात. या यंत्रावर मराठी लिहायचे तर रोमन अक्षरांतच लिहावे लागते.

आता राहिली ती आतली निकेल-कॅडमियमची बॅटरी. जुनी झाली की ती पाझरते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खातो. तेव्हा ती बदलणे भागच. पण ती डाग देऊन बसविलेली असते. काढायची तर यंत्र उघडून वीज तोडावी लागते आणि त्याच क्षणी मेमरी कोरी होते. यंत्राच्या पोटाखालचे मेमरीचे बटन चुकून सरकले तरी तेच. म्हणून आधी मजकूर तारेने बाहेर काढावा, नव्या पडद्यावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ताडून पाहावा, दुसरी प्रत आणखी एका ठिकाणी ठेवावी आणि मगच स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा.