बॅटरी १२ व्होल्ट दाखवते, तरी वायरलेस बंद का पडतो?



मधुबन जलाशयातली छोटी होडी असो नाहीतर दमण-डहाणूची ट्रॉलर, लाइट, जीपीएस, वायरलेस सगळं बॅटरीवरच. धक्क्यावर मीटर लावला की १२.६ व्होल्ट दिसतात, म्हणून आपण निघतो. रात्री वायरलेसचं बटण दाबलं की सेट बंद! असं का होतं, ते समजून घेऊ.

नुसता मीटर लावला तर बॅटरीवर काहीच भार नसतो. आतून खराब झालेली बॅटरीसुद्धा तेव्हा पूर्ण व्होल्ट दाखवते. टोपली रिकामी असताना तिचा तळ मजबूत की कुजका, ते कळत नाही. मासळी भरून उचलली की कळतं. बॅटरीचंही तसंच.

आपल्या सामरवरणी भागात कारखाने बरेच. घरातली पोरं तिथे टेस्टिंगला असतील तर त्यांनी ही तीन यंत्रं पाहिली असतील:

🔌 डीसी पॉवर सप्लाय: हे यंत्र करंट देतं. घरातल्या २३० व्होल्टमधून आपल्याला हवे तेवढे डीसी व्होल्ट मिळतात. जास्तीत जास्त किती अँपिअर जाऊ द्यायचे, तेही ठरवता येतं. त्यामुळे वायरिंगमध्ये शॉर्ट असला तरी सेट जळण्याचा धोका कमी. दुरुस्तीवाला १३.८ व्होल्ट देऊन वायरलेस तपासतो. तिथे नीट चालला, तर दोष बॅटरीत किंवा वायरमध्ये.

🔋 इलेक्ट्रॉनिक लोड: हे उलटं, करंट खातं. ५ अँपिअर लावले तर बॅटरी उतरत गेली तरी बरोबर ५ च ओढतं. १०० एएचची नवी बॅटरी ५ अँपिअरवर २० तास चालून १०.५ व्होल्टपर्यंत उतरली पाहिजे. १० तासांतच उतरली, तर ती अर्धीच उरली असं समजा.

🎛️ बॅटरी सिम्युलेटर: म्हणजे बॅटरीचं सोंग घेणारं यंत्र. करंट देतं आणि घेतंही. फुल, अर्धी, उतरलेली, जुनी अशी पाहिजे तशी बॅटरी होतं. कितव्या व्होल्टला सेट बंद पडतो, चार्जर वेळेवर थांबतो का, हे रात्रभर वाट न पाहता कळतं. साधा सप्लाय फक्त देतो, घेत नाही, म्हणून त्यावर चार्जर तपासता येत नाही.

ही यंत्रं आपण विकत घ्यायची गरज नाही. एवढं करा:

१) बॅटरी फुल चार्ज करून काही तास तशीच ठेवा. मीटरवर १२.६ च्या आसपास पाहिजे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

२) मग १२ व्होल्ट ५५ वॅटचा हॅलोजन लावा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. ८०-१०० एएचची बॅटरी तासाभरात १२ च्या खाली गेली तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या.

३) इंजिन स्टार्टच्या बॅटरीवर दुकानदार १५ सेकंद मोठा लोड देतो. व्होल्टेज ९.६ च्या वर टिकलं पाहिजे.

४) वायरही बघा. २५ वॅटचा वायरलेस बोलताना ५-६ अँपिअर घेतो. सेट बॅटरीपासून १० मीटर लांब आणि वायर २.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन २० मीटरमध्ये सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवं पडलं असेल तर आणखी जातात. वायर जाड घ्या, टर्मिनल घासून ग्रीस लावा.

⚠️ चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. केबिन उघडी ठेवा, जवळ विडी-काडी नको. हॅलोजन जोडताना-काढताना ठिणगी पडते, म्हणून चार्जिंग बंद करून, हवा खेळू देऊनच जोडा.

पावसाळी बंदीत बोटी वर असतात, तीच वेळ तपासणीची. जाळं विणताना बॅटरीकडेही बघा. भर समुद्रात मदत मागायची वेळ आली, तर आवाज त्याच बॅटरीवर पोहोचणार आहे.

आपल्या तांडेल-खलाशांपर्यंत ही माहिती जरूर पोहोचवा.