पात्र आजारी पडतं तेव्हा

नभोनाट्यं ऐकत वाढलेल्या माझ्या पिढीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पहिल्या प्रवेशात नायकाला खोकल्याची उबळ आली, की तिसऱ्या प्रवेशापलीकडे तो काही टिकत नाही. रेडिओवर रुमालावरचं रक्त दिसत नाही, त्यामुळे बिचाऱ्या नटाला सगळं खोकूनच सांगावं लागे. पुढे क्षयावर औषधं आली, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळू लागली, आणि लेखकांनी क्षय सोडून रक्ताचा कर्करोग धरला. मग मेंदूतली गाठ आली. अपघातात स्मृती जाणं आणि डोक्यावर दुसरा फटका बसताच ती परत येणं, हा तर चित्रपटवाल्यांचा खास उपचार. तो कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत नाहीत.

कथास्पर्धांसाठी आलेली हस्तलिखितं मी अधूनमधून वाचतो. प्रेमाच्या त्रिकोणातून वाट सापडेनाशी झाली, की आठव्या-नवव्या पानावर कुणाला तरी असाध्य रोग जडतो. सासू-सुनेचं भांडण फार ताणलं गेलं, की सासूला झटका येतो. लेखकाला वाटतं, आता कथेत संघर्ष आला. खरं म्हणजे होता तो संघर्षही तिथेच संपतो. मरणाऱ्या माणसाशी कोण भांडणार? सगळे खाटेभोवती गोळा होतात, रडतात, एकमेकांना माफ करतात आणि कथा आटोपते. नुसता आजार ही आपत्ती असते. संघर्षाला दोन बाजू लागतात, आणि दोन्ही बाजूंकडे थोडंफार खरं असावं लागतं.

'श्वास' आठवून पाहा. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी केलेला हा चित्रपट २००४ साली पडद्यावर आला आणि 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. कोकणातले एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या इस्पितळात येतात. मुलाच्या डोळ्यांच्या पडद्याला कर्करोग झालेला आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. वैद्यकाच्या दृष्टीनं यात अवघड काही नाही; जीव आधी. पण हे त्या पोराला सांगायचं कुणी? डॉक्टरांचं म्हणणं, त्याला कळायलाच हवं. आजोबांची जीभ रेटत नाही. शेवटी शस्त्रक्रियेआधी आजोबा कुणाला न विचारता पोराला इस्पितळातून बाहेर घेऊन जातात, डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवायला. डॉक्टर संतापतात, आणि त्यांचा संताप रास्त आहे. आजोबांचंही चुकलं असं म्हणवत नाही. अख्ख्या चित्रपटात खलनायक नाही आणि त्याची उणीवही भासत नाही.

प्रत्येक रोगाचं आपलं एक वेळापत्रक असतं, आणि ते माणसाच्या वेळापत्रकाला आडवं येतं. इथे लेखकाला मोठी सोय असते. आपल्याकडचा लेप्टो घ्या. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, चिरांतून अंगात शिरतात. ताप येतो तो साधारण एक-दोन आठवड्यांनी, म्हणजे लावणी ऐन भरात असताना. लवकर औषध घेतलं तर माणूस बरा होतो. दिवस काढले तर कावीळ होते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आता शेतात चिखल तयार आहे, रोपं उपटून ठेवलीत, मजूर आज आहेत ते उद्या मिळणार नाहीत, आणि घरधन्याला कणकण आहे. तो म्हणतो, दोन दिवसांत उतरेल. बायको म्हणते, आत्ता तालुक्याला चला. दोघांचंही बरोबर आहे, आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. या कथेला मेंदूतली गाठ कशाला हवी?

त्याहून साधा रोग घेऊ, मधुमेह. तो घरोघरी आहे म्हणून लेखक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरातलं एक दृश्य मी कल्पितो. रमजान आहे. सत्तरीच्या खालांना रोज इन्सुलिन लागतं. डॉक्टरांनी सांगितलंय, रोजे ठेवू नका. कुराणात आजारी माणसाला सूट आहे. बरं होण्याची आशा नसेल तर चुकलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण द्यावं, त्याला फिदया म्हणतात. खालांना हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. पण न्हाणुलीपासून त्यांनी रोजा सोडलेला नाही. नवरा गेला, थोरला मुलगा आखातात, घराच्या किल्ल्या सुनेकडे गेल्या. त्यांच्या हातात स्वतःचं असं हे एवढंच उरलंय.

दुपारचे चार वाजलेत. खालांना घाम फुटलाय, हात थरथरतायत. सून बोट टोचून साखर बघते, सत्तरच्या खाली. ती साखरपाण्याचा पेला पुढे करते आणि खाला तो हातानं उडवून लावतात, सुनेला नाही नाही ते बोलतात. आता वैद्यक काय सांगतं बघा. रक्तातली साखर फार उतरली की माणूस चिडतो, गोंधळतो, हट्टाला पेटतो. म्हणजे पेला उडवणारा हात खालांच्या श्रद्धेचा की उतरलेल्या साखरेचा, हे त्या सुनेला दोन मिनिटांत ठरवायचंय. जबरदस्तीनं पाजलं तर सासूचा रोजा तिनं मोडला असं आयुष्यभर ऐकायचं, आणि नाही पाजलं तर सासू बेशुद्ध पडणार. रोगाची ही बारीक माहिती नसती, तर प्रसंग नुसता सासू-सुनेच्या कटकटीचा झाला असता.

अचूक माहितीनं कथा कोरडी होते, अशी एक समजूत लेखकांत आहे. मला ती पटत नाही. जयवंत दळवींचं 'बॅरिस्टर' नाटक १९७७ साली आलं. घराण्यात वेड आहे आणि ते एक दिवस आपल्यालाही गाठणार, या भीतीनं त्यातला बॅरिस्टर पोखरला जातो. आज आपल्याला आकडे ठाऊक आहेत. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो. आई, वडील किंवा भावंड यांपैकी एकाला असेल तर शंभरात सुमारे दहांना. म्हणजे नव्वद जण सुटतात. हे कळल्यानं भीती कमी होते का? आपण दहांतले की नव्वदांतले, हे कुणीच सांगू शकत नाही. 'घराण्याचा शाप' म्हटलं की माणूस हात टेकतो. 'शंभरात दहा' म्हटलं की लग्न करायचं का, मुलीकडच्यांना सांगायचं का, मूल होऊ द्यायचं का, असे प्रश्न समोर येतात आणि उत्तरं त्यालाच द्यावी लागतात.

आम्हा रत्नागिरीकरांना हा विषय जवळचा. इथलं मनोरुग्णालय १८८६ सालचं. कोकणात कुणी जरा वेडंवाकडं वागलं की 'याला रत्नागिरीला न्या' असं थट्टेनं म्हणतात. कथांमधला मनोरुग्ण बहुधा साखळीत नाहीतर हातात सुरा घेऊन येतो. असं वाचून एखादं घर आपल्या मुलाला डॉक्टरकडे नेण्याऐवजी माडीवर कोंडून ठेवत असेल, तर त्यात आम्हा लिहिणाऱ्यांचाही हात आहे. २००४ सालच्याच 'देवराई'त सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाइतकंच त्याला सांभाळणाऱ्या बहिणीकडे लक्ष दिलं. घरातल्या मनोरुग्णाची गोष्ट बऱ्याचदा बहिणीची, आईची, बायकोचीच असते.

आणखी एक पथ्य, कथेचं साल. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यांत होतं. मुस्लिम विवाहविच्छेदाच्या १९३९च्या कायद्यात होतं, तसंच १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही. २०१९ साली ते दोन्हींतून काढून टाकलं. औषध त्याच्या कितीतरी आधीचं आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि आज सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी माणूस बरा होतो. तेव्हा १९६०ची कथा लिहिणाऱ्यानं नवऱ्याला कोर्टात पाठवावं. आजची लिहायची तर तो गोळ्या संपवून घरी आलेला माणूस दाखवावा, आणि पडवीत त्याच्या चहासाठी अजून वेगळाच ठेवलेला कप. तो कप कुणी ठेवला, आणि घरातलं कोण तो उचलून बाकीच्या कपांत मिसळतं, तेवढं लिहावं.