एकच घर, अनेक हंगाम : इर्पिनियाच्या वाइनची चव

ऑक्टोबरअखेर नाशिकचा बागायतदार गोडी बहाराची छाटणी उरकून नव्या फुटीवर नजर ठेवून असतो. त्याच दिवसांत दक्षिण इटलीतल्या इर्पिनियाच्या डोंगरउतारांवर आल्यानिको जातीचे काळे घड अजून वेलीवरच असतात. त्यांची खुडणी कधी कधी नोव्हेंबरपर्यंत लांबते. उन्हाळा, पावसाळी शरद आणि हिवाळ्याची चाहूल असं सगळं अंगावर घेऊन हे द्राक्ष पिंपात जातं. म्हणून तिथल्या एका हंगामाची वाइन दुसऱ्या हंगामासारखी लागत नाही. हा फरक ओळखायला एकाच कुटुंबाच्या बाटल्या ओळीने मांडून चाखाव्यात. त्यासाठी मी आत्रिपाल्दा गावचं मास्त्रोबेरार्दिनो हे घराणं निवडलं आहे, कारण त्यांच्याकडे लाल आणि पांढरी अशा दोन्ही वाइन मुरवण्याजोग्या आहेत.

घराणं

नेपल्सच्या पूर्वेला, समुद्रापासून आत, आवेल्लीनो शहराला लागून आत्रिपाल्दा आहे. या कुटुंबाच्या व्यवसायाची अधिकृत नोंद 1878ची, पण द्राक्षांशी नातं त्याहून जुनं. दुसऱ्या महायुद्धानंतर बागा उजाड झाल्या होत्या, तेव्हा भरघोस उत्पन्न देणाऱ्या परक्या जाती लावण्याकडे अनेकांचा कल होता. आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो (1928–2014) यांनी मात्र आल्यानिको, फियानो आणि ग्रेको या गावच्या जाती धरून ठेवल्या. आज या तिन्ही जातींच्या वाइनना इटालियन कायद्यातला सर्वांत वरचा, म्हणजे डीओसीजी दर्जा आहे. तो आल्यानिकोपासून होणाऱ्या ताउराझीला 1993 मध्ये, तर फियानो दी आवेल्लीनो आणि ग्रेको दी तुफो यांना 2003 मध्ये मिळाला. एका माणसाच्या हट्टाला इतकं फळ आल्याची उदाहरणं शेतीत फार नाहीत.

23 नोव्हेंबर 1980 च्या संध्याकाळी इर्पिनियात मोठा भूकंप झाला. गावंच्या गावं कोसळली, हजारो माणसं गेली. मास्त्रोबेरार्दिनोंच्या तळघरालाही तडाखा बसला. कुटुंबाने तिथेच राहून पुन्हा उभं राहायचं ठरवलं आणि 1986च्या हंगामापासून आपल्या सर्वांत मानाच्या ताउराझीला ‘रादीची’ हे नाव दिलं. रादीची म्हणजे मुळं.

आधी पांढऱ्या

पांढरी वाइन ताजीच प्यावी, हा समज फियानोपुढे टिकत नाही. कोवळ्या फियानोला नासपती आणि पांढऱ्या फुलांचा वास येतो. पाच-सात वर्षांनी त्यात मध, सुकं गवत आणि भाजलेल्या हेझलनटची छटा उतरते. हा परिसर शतकानुशतकं हेझलनटसाठी नावाजलेला आहे. त्या झाडाच्या शास्त्रीय नावातला ‘आवेलाना’ हा शब्दही याच प्रांतातल्या आवेल्ला गावावरून आला. वासाचा आणि गावाचा संबंध योगायोगाचा असेल, पण पेला नाकाशी नेताना तो आठवतोच.

ग्रेको अंगाने जाड. जर्दाळूचा गर, शेवटी बदामाच्या सालीसारखा हलका कडवटपणा आणि ओल्या दगडाचा वास. तुफो गावाच्या जमिनीत ज्वालामुखीची राख आणि गंधक आहे. तिथे गंधकाची खाणही चालत असे. गंधक मुळांवाटे थेट चवीत उतरतं असं मात्र मानू नये. जमिनीचा निचरा आणि उंचीवरच्या थंड रात्री यांचा परिणाम अधिक. रात्र गार असली की द्राक्षातला आंबटपणा जळत नाही, आणि हाच आंबटपणा पांढऱ्या वाइनला दीर्घायुष्य देतो.

वेगवेगळ्या वर्षांची फियानो शेजारी ठेवली की आधी रंग बोलतो. कोवळी हिरवट पिवळी दिसते, मुरलेली सोनेरी. तपकिरी झाक आणि कापलेल्या, काळवंडलेल्या सफरचंदाचा वास आला तर बुचातून हवा शिरली असं समजावं. ती बाटली बाजूला ठेवावी.

लाल : साल आणि साल

लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून येतो, आणि त्या सालीत काय साठलं हे बाटलीवरचं साल ठरवतं. आल्यानिकोत तुरटपणाही भरपूर आणि आंबटपणाही. कोवळी ताउराझी प्यायल्यावर कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढली जाते. म्हणून कायद्यानेच तिला किमान तीन वर्षं थांबायला लावलं आहे, त्यातलं किमान एक वर्ष लाकडी पिंपात. रिझेर्वा म्हणवणारीला चार वर्षं, त्यांतले 18 महिने लाकडात.

पुढे बाटलीत काय होतं? तुरट द्रव्यांचे कण एकमेकांना आणि रंगद्रव्यांना चिकटतात, जड होतात आणि काही गाळ होऊन तळाशी बसतात. त्यामुळे रंग फिकटतो, पेल्याच्या कडेला विटकरी झाक येते आणि जिभेवरची ओढ सैलावते. करवंद-जांभळाचा वास मागे सरतो. चामडं, तंबाखू, सुकी फुलं आणि ओली माती पुढे येते. माझ्या मते ताउराझीचं खरं रूप दहा वर्षांच्या आत दिसत नाही.

या घराण्याची 1968ची ताउराझी रिझेर्वा दक्षिण इटलीच्या वाइनच्या इतिहासात मानाने घेतली जाते. त्या वर्षी पियानो दांजेलो, कास्तेलफ्रांची आणि मोंतेमारानो या तीन बागांची वाइन वेगवेगळी भरली होती. हंगाम एक आणि माणसंही तीच, फरक फक्त जमिनीचा. दक्षिणेच्या वाइनकडे बहुतेक जण स्वस्त मिश्रणाचा माल म्हणून बघत असताना हे केलं गेलं, म्हणून त्याचं मोल मोठं.

हंगाम कसा वाचावा

इटलीत 2002 चा उन्हाळा थंड आणि पावसाळी होता. भुरी-केवड्याशी झुंजलेल्या आपल्या शेतकऱ्याला अशा वर्षाची चव सांगावी लागत नाही. लाल वाइन अंगाने हलक्या, पण काही पांढऱ्यांना तोच गारवा मानवतो. लगेचचं 2003 युरोपभर उष्णतेच्या लाटेचं. अशा वर्षी साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो, फळाचा वास मुरंब्याकडे झुकतो. 2014 पुन्हा ओलं, तर 2017 मध्ये एप्रिलचं हिमदव आणि पुढे दुष्काळ. तरी या ठोकताळ्यांवर विसंबू नये. इर्पिनिया चार-सहाशे मीटर उंचीवर आहे. किनारा होरपळतो तेव्हा इथे रात्री गारवा टिकू शकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कुटुंबाचं नाव तेच राहिलं तरी बागा त्याच राहतात असं नाही. 1990च्या दशकात आंतोनियो आणि त्यांचे भाऊ वॉल्टर वेगळे झाले. वॉल्टर यांच्याकडच्या व्यवसायाचं नाव तेरेदोरा, जुनं नाव आंतोनियोंकडे राहिलं. वाटणीत बऱ्याच बागाही भावाकडे गेल्या. त्यामुळे त्या आधीची आणि नंतरची बाटली शेजारी ठेवली की जाणवणारा सगळा फरक हवामानाच्या खाती टाकता येत नाही. दोन भावांच्या वाटणीने जमिनीचं काय होतं हे आपल्याला वेगळं समजावायला नको.

पोम्पेईची बाग

इसवी सन 79 मध्ये व्हेसूव्हियसने पोम्पेई गाडलं, त्यात गावातल्या द्राक्षबागाही गेल्या. वेलींची मुळं कुजली, पण कडक झालेल्या राखेत त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुरातत्त्वज्ञ विल्हेल्मिना याशेम्स्की यांनी त्या पोकळ्यांत साचे ओतून वेली कुठे होत्या हे दाखवून दिलं. त्या आधारावर 1990च्या दशकात मास्त्रोबेरार्दिनोंनी तिथे पुन्हा वेली लावल्या. पहिली खुडणी 2001 ची. ‘व्हिला देई मिस्तेरी’ या नावाने ती वाइन निघाली. तिला प्राचीन रोमची चव म्हणणं चुकीचं ठरेल. रोमन लोक वाइनमध्ये मध, मसाले, कधी समुद्राचं पाणीही घालत. पण वेल जिथे होती तिथेच ती परत लावली, एवढं मला पुरेसं आहे.

बैठक मांडताना

एका वेळी पाच-सहा हंगाम पुरेत. प्रत्येकी 30–40 मिली ओतलं तर 750 मिलीची एक बाटली वीसेक जणांना जाते. फियानो-ग्रेको 10 ते 12 अंशांवर, ताउराझी 16 ते 18 अंशांवर. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाला दिलेली लाल वाइन नुसती मद्यार्काने झोंबते. तिला अर्धा तास फ्रिज दाखवावा. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी, म्हणजे गाळ बसतो, आणि शेवटची दोन बोटं बाटलीतच सोडावीत. चाखलेला घोट थुंकण्यात काही कमीपणा नाही, व्यावसायिक तेच करतात. जुन्याकडून कोवळ्याकडे जावं, नाहीतर तरुण ताउराझीचा तुरटपणा जुन्या पेल्याची नाजूक चव बुडवतो. सोबत उग्र मसाल्याचं काही नको. भाजलेले दाणे, साधा पाव, फार तर चीज.

इतक्या दूरची बाटली मिळणं कठीण असेल तर सुरुवात घराजवळून करता येते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ इटालियन भागीदारांसह उभ्या राहिलेल्या फ्रातेल्लीच्या बागांत टस्कनीचे वाइनमेकर पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली सांजोव्हेझे ही इटालियन जात लागली. एकाच वाइनच्या लागोपाठच्या दोन वर्षांच्या बाटल्या घ्याव्यात आणि दोन्ही एकाच संध्याकाळी उघडाव्यात. तोवर त्या फ्रिजच्या माथ्यावर किंवा स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवू नयेत. घरातला सर्वांत गार, अंधारा कोपरा शोधावा आणि बाटल्या आडव्या ठेवाव्यात, म्हणजे बूच सुकत नाही.