मिशिगनच्या पुळणीवरचं एक तप

समुद्राची भरती-ओहोटी रोजची. रत्नागिरीत लहानपण गेलेल्या माणसाला ती घड्याळ न बघता कळते. मिशिगन सरोवराला तशी भरती नाही. चंद्राच्या ओढीने तिथलं पाणी दोन इंचही चढत नाही. पण तिथेही पाणी चढतं आणि उतरतं, फक्त त्याला वर्षं लागतात. जानेवारी 2013 मध्ये मिशिगन आणि ह्युरॉन या एकमेकांना जोडलेल्या सरोवरांची पातळी 1918 पासूनच्या नोंदींत सर्वांत खाली गेली होती. 2020च्या उन्हाळ्यात तेच पाणी सुमारे सहा फूट वर आलेलं होतं. या दोन टोकांच्या मधली सगळी वर्षं, आणि त्यानंतरचीही, आम्ही इंडियाना ड्यून्सला जात राहिलो. जवळजवळ एक तप झालं. एकाच किनाऱ्याकडे इतका काळ पाहिल्यावर वाटतं, की हा किनारा एका भेटीत दिसतच नाही.

शिकागोहून गाडीने तासाभरावर, सरोवराच्या दक्षिण टोकाला हा वाळूचा पट्टा आहे. गॅरी आणि मिशिगन सिटी या दोन शहरांच्या दरम्यान साधारण 24 किलोमीटर किनारा, मागे वाळूच्या टेकड्या, त्यामागे ओकची रानं आणि पाणथळ जागा. मध्येच पोलादाचे कारखाने, बंदर, रेल्वेचे रूळ. पहिल्यांदा आलेला माणूस ही धुराडी पाहून खट्टू होतो. आमचे पाहुणे तर हमखास विचारतात, की इतक्या लांब याच्यासाठी आणलंत का? मग पोळी-भाजीचे डबे उघडेपर्यंत त्यांचं मत बदललेलं असतं.

2013च्या उन्हाळ्यात पुळण इतकी रुंद होती की पाण्यापर्यंत अनवाणी जाताना पाय भाजायचे. कोरड्या वाळूवर पाय घासला की ती चक्क वाजते. कण गारगोटीचे, गोलसर आणि स्वच्छ असले की असा कुरकुर आवाज येतो. पाऊस पडून गेला की आवाज बंद. त्याच जुलैत माउंट बॉल्डी नावाच्या वाळूच्या टेकडीवर सहा वर्षांचा एक मुलगा अचानक आत गडप झाला. तीन तासांहून अधिक वेळ खणल्यावर त्याला सुमारे 11 फूट खोलवरून जिवंत बाहेर काढलं. ही टेकडी जवळपास 126 फूट उंच आहे आणि ती चालते. वारा दरवर्षी तिला काही फूट आत ढकलतो, वाटेत येणारी ओकची झाडं ती उभीच्या उभी गिळते. वाळूखाली ती झाडं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ्या उरतात. हे त्या दिवसापर्यंत शास्त्रज्ञांनाही नीट ठाऊक नव्हतं. टेकडी बंद झाली. खालचा किनारा 2017 मध्ये पुन्हा उघडला. माथ्यावर मात्र उद्यानाच्या रेंजरबरोबरच जाता येतं. एका सप्टेंबरात आम्ही असे गेलो. मुलांना त्यांनी एका रांगेत चालवलं आणि टेकडीखाली गाडली गेलेली, शेंडेच वर राहिलेली झाडं दाखवली.

बॉल्डीच्या चालण्यात माणसाचाही हात आहे. या किनाऱ्यावर लाटा वाळू पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहून नेतात. मिशिगन सिटीच्या बंदरासाठी पाण्यात धक्के बांधले, तेव्हा ती वाट अडली. धक्क्याच्या पूर्वेला वॉशिंग्टन पार्कची ऐसपैस चौपाटी साठली आणि पश्चिमेला बॉल्डीचा पायथा उपाशी राहिला. आता सरकार बाहेरून वाळू आणून तिथे ओततं. पाणी उतरलेलं होतं तोवर हे नुकसान डोळ्यांत भरत नव्हतं.

मग 2014चा हिवाळा आला. त्या मार्चमध्ये पाचही महासरोवरांचा मिळून 92 टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग गोठला होता. बर्फाच्या झाकणाखालून पाण्याची वाफ कमी होते; त्यात वसंतात वितळलेलं हिम आणि पाऊस यांची भर पडली, आणि उतरलेलं सरोवर झपाट्याने भरू लागलं. त्या हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदाच थंडीत तिथे गेलो. किनाऱ्याला लागून बर्फाचा एक उंचसखल प्रदेश तयार झाला होता, मध्ये शंकूसारखे उंचवटे, त्यांच्या तोंडांतून लाटेसरशी पाणी उडत होतं. ती जमीन असल्यासारखीच दिसते. ती जमीन नसते. लाटांनी उडवलेलं पाणी आणि बर्फाचा चिखल साचत साचत हा कट्टा होतो. खाली पाणी असतं, आत पोकळ भेगा असतात, आणि आत पडलेल्या माणसाला वर यायला धरायला काही मिळत नाही. पाट्या जागोजागी आहेत, तरी कुणी ना कुणी फोटोसाठी त्यावर चढलेलं दिसतंच. आपल्याकडून नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मी हे आवर्जून सांगते: हिवाळ्यात जा, जरूर जा, पण पाय वाळूवरच ठेवा.

हिवाळ्याचा आणखी एक फरक मला फार उशिरा उमगला. इथल्या स्टेट पार्कच्या किनाऱ्यावरून मेच्या आणि जुलैच्या उत्तरार्धात सूर्य बरोबर पाण्यापलीकडच्या शिकागोच्या इमारतींमागे बुडतो. हवा स्वच्छ असेल तर पन्नासेक किलोमीटरवरचे ते मनोरे काडीसारखे बारीक उभे दिसतात. डिसेंबरात सूर्य पार नैर्ऋत्येला सरकलेला असतो आणि तो पोलाद कारखान्याच्या बाजूला, जमिनीवरच मावळतो. एकाच जागेवरून उन्हाळ्यात शहर दिसतं आणि हिवाळ्यात त्या शहराला पोलाद पुरवणारी भट्टी.

वाळू आणि पोलाद यांचं हे शेजारपण सहज जमलेलं नाही. राष्ट्रीय उद्यानांचे पहिले संचालक स्टीफन मॅथर यांनी 1916 मध्येच शिकागोत सुनावणी घेऊन इथे राष्ट्रीय उद्यान करावं म्हणून खटपट केली होती. पहिलं महायुद्ध आडवं आलं. 1925 मध्ये एका तुकड्याचं स्टेट पार्क झालं. तोवर मिशिगन सिटीजवळची हूजियर स्लाइड नावाची सुमारे 200 फुटांची टेकडी रेल्वेच्या वाघिणींत भरभरून काचकारखान्यांकडे गेली होती. तिच्या काचेच्या बरण्या झाल्या. तिच्या जागी आज वीजकेंद्र आहे. 1952 मध्ये डोरोथी ब्युएल या बाईंनी ‘सेव्ह द ड्यून्स’ परिषद उभी केली. इंडियानाच्या पुढाऱ्यांना बंदर हवं होतं, म्हणून शेजारच्या इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस यांनी हा प्रश्न हाती घेतला. तरीही मधल्या सर्वांत सुंदर टेकड्या कारखान्यासाठी सपाट झाल्याच, आणि त्यांची वाळू नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा सरोवरातला भराव घालायला गेली. अखेर 1966 मध्ये तडजोड झाली: बंदरही आणि संरक्षित किनाराही. मला ही तडजोड अपुरी वाटते, पण ज्यांनी ती पदरात पाडून घेतली त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. त्यांनी हट्ट सोडला असता तर आम्ही डबे घेऊन कुठे गेलो असतो?

या वाळूचं महत्त्व आधी वनस्पतिशास्त्रज्ञांनी ओळखलं. शिकागो विद्यापीठाचे हेन्री कॉल्स यांनी 1899 मध्ये दाखवून दिलं की पाण्याकडून आत चालत जाणं म्हणजे काळात मागे चालत जाणं आहे. पाण्याजवळची वाळू ताजी, तिच्यावर मॅरम गवत, मग कॉटनवुड, त्यामागच्या जुन्या टेकड्यांवर जॅक पाइन, आणखी मागे काळ्या ओकचं रान. एक वनस्पती जागा तयार करते आणि दुसरीला देऊन निघून जाते. वेस्ट बीचवरच्या लाकडी पायऱ्यांच्या वाटेने गेलं तर हा सगळा प्रवास तासाभरात होतो. कोकणात मर्यादवेल वाळूला धरून ठेवते, इथे ते काम मॅरम करतं. वाळू अंगावर आली की ते आणखी जोमाने वर येतं. माणसाचं पाऊल मात्र त्याला सोसत नाही. म्हणून वाट सोडून चालू नका ही इथली पाटी मला मनापासून पटते.

वसंत इथे साखरेने सुरू होतो. मार्चच्या सुरुवातीला, जमिनीवर अजून हिम असताना, चेलबर्ग फार्मवर मेपलच्या झाडांचा रस काढून आटवतात. चेलबर्ग हे स्वीडनहून आलेलं शेतकरी कुटुंब. त्यांचं घर आणि शेत आता उद्यानाचा भाग आहे. साधारण 40 लिटर रसातून लिटरभर पाक निघतो. त्या खोपटातली वाफ, लाकडाचा धूर आणि गोड वास नाकात शिरला की कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ आठवल्यावाचून राहत नाही. बाबांनी तिथे तो पाक चाखून काकवीपेक्षा पातळ आहे असा निकाल दिला होता.

मेमध्ये ओकच्या विरळ सावलीत ल्युपिनची निळी-जांभळी फुलं येतात आणि उत्तरेकडे निघालेले लहान पक्षी किनाऱ्यालगतच्या झाडीत दाटीने उतरतात. पुढे अफाट पाणी आहे, त्यामुळे ते आधी इथे पोट भरून घेतात. जूनअखेर वाळूत फड्या निवडुंगाला पिवळी फुलं येतात. उत्तरध्रुवाकडची बेअरबेरी आणि वाळवंटातलं निवडुंग एकाच टेकडीवर. हवा तापलेली असली तरी जूनचं पाणी हाडं गोठवतं. सरोवर हळू तापतं आणि हळू निवतं, म्हणून पोहायला सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. गर्दीही ओसरलेली असते. पाणी गोडं आहे म्हणून मात्र ते गरीब समजू नये. उत्तरेचा वारा सुटला की किनाऱ्यापासून आत ओढणारे प्रवाह तयार होतात आणि पट्टीचे पोहणारेही त्यांत सापडतात.

2019 हे वर्ष सगळ्याच बाजूंनी लक्षात राहिलं. 15 फेब्रुवारीला इंडियाना ड्यून्सला ‘नॅशनल पार्क’ हे नाव मिळालं, देशातलं 61वं. ऑगस्टमध्ये जवळच्या एका पोलाद कारखान्यातून सायनाइड आणि अमोनिया नदीत गेलं, हजारो मासे मेले आणि काही किनारे बंद झाले. पाणी तर चढतच होतं. याच किनाऱ्यावरच्या पोर्टेजला कारखान्याच्या जुन्या सांडपाण्याच्या तळ्यांच्या जागी 2008 मध्ये एक सुरेख किनारा आणि फेरफटक्याची वाट केली होती. आमच्या लेकीने पहिल्यांदा वाळूचा किल्ला केला तो तिथेच. 2019च्या हिवाळ्यातल्या आणि पुढच्या वसंतातल्या वादळांनी तिथली पुळणच नेली. तिथेही पूर्वेचं बंदर वाळू अडवून बसलेलं आहे. आम्ही गेलो तेव्हा कठड्याखाली सरळ लाटा आपटत होत्या, आणि लेक बराच वेळ किल्ल्याची जागा शोधत होती.

त्यानंतर पाणी उतरत गेलं आणि माणसं वाढली. 2021 मध्ये 30 लाखांहून अधिक लोक येऊन गेले. 2022 पासून मोटारीमागे 25 डॉलर प्रवेशशुल्क सुरू झालं. शौचालयं, पायवाटा, जीवरक्षक यांना पैसा लागतो हे खरं. पण शेजारच्या गॅरीत पोलादातल्या नोकऱ्या गेल्यापासून किती घरांची ओढाताण आहे हे पाहिल्यावर, त्यांच्या मुलांना स्वतःच्या गावालगतच्या पाण्यात उतरायला पैसे पडावेत हे मला बरं वाटत नाही. त्यांच्यासाठी काही दिवस तरी मोकळे ठेवावेत.

शिकागोहून निघणारी साउथ शोअर लाइन ही विजेची गाडी ड्यून पार्क आणि बेव्हर्ली शोअर्सला थांबते. गॅरी ते मिशिगन सिटी या टप्प्यावर 2024च्या मेपासून दुहेरी मार्ग झाला आणि गाड्या वाढल्या. आई-बाबा आता दर उन्हाळ्यात सहा महिने येतात, आणि मोटार चालवणारं कुणी घरी नसलं की त्यांचा दिवस खिडकीत जातो. या वेळी त्यांना मी वेळापत्रक छापून दिलं आहे. बाबांनी त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत आणि आई विचारते आहे, की स्टेशनापासून वाळूपर्यंत चालायला किती लागतं.