गोचिडीचा ताप: कुत्र्याच्या शरीरात काय घडते?

शेताची व गोठ्याची राखण करणारा कुत्रा एकाएकी अन्न सोडतो, कोपऱ्यात पडून राहतो. घरची माणसे म्हणतात, "कुणीतरी विष घातले असेल." पुष्कळदा दोषी शेजारी नसून कानामागे चिकटलेली गोचीड असते.

गोचिडीच्या लाळेतून बबेसिया नावाचा सूक्ष्म परजीवी रक्तात शिरतो. रुमानियाचे डॉ. बाबेश यांनी १८८८ साली गुरांच्या रक्तात असे जंतू पाहिले. त्यांच्यावरूनच हे नाव पडले. कुत्र्यांतील एका जातीचे वर्णन १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांवरून झाले. म्हणजे आपल्या देशाला हे दुखणे नवे नाही.

हा परजीवी तांबड्या रक्तपेशीत वाढतो व पेशी फोडून बाहेर पडतो. शरीराची संरक्षणशक्तीही गोंधळून चांगल्या पेशी मारू लागते. रक्त घटते, हिरड्या पांढुरक्या होतात, धाप लागते. खराब पेशी गाळून गाळून पानथरी सुजते. यकृतावर भार पडून कावीळ होते. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो; ती काळ्या चहासारखी दिसते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आजार बळावला तर फुप्फुसे व मेंदूही सुटत नाहीत, झटके येतात.

तेव्हा ताप, फिक्या हिरड्या किंवा गडद लघवी दिसताच त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. रक्त तपासल्यावर जातीप्रमाणे औषध ठरते. माणसाची तापाची गोळी मुळीच देऊ नये. तिने रक्त व यकृत अधिक बिघडते. बरा झालेला कुत्राही परजीवी बाळगून राहू शकतो.

प्रतिबंध मात्र आपल्या हातात आहे. परजीवी रक्तात उतरण्यास गोचीड बहुधा एक-दोन दिवस चिकटून राहावी लागते. म्हणून रोज संध्याकाळी कान, मान, काखा व बोटांच्या बेचक्या तपासाव्या. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये, रॉकेल लावू नये. रक्त पिऊन गळलेली मादी भिंतीच्या फटींत हजारो अंडी घालते. त्यासाठी फटी बुजवाव्या व कुत्र्याची जागा वरचेवर झाडावी. गोचीडनाशक पशुवैद्याने सांगितलेल्या मापानेच वापरावे. गुरांचे औषध अंदाजाने कुत्र्याला चोपडू नये.

रात्रभर आपल्यासाठी जागणाऱ्या या मुक्या राखणदारासाठी दिवसातली पाच मिनिटे काढावीत, एवढेच आमचे सांगणे.