लुनाच्या नगरात निकेलचं काय?

लुना मोपेड बनवणारं कायनेटिक म्हणजे आपलं नगर (अहिल्यानगर)! २०२५ मध्ये आलेली त्यांची विजेवरची डीएक्स स्कूटरही इथलीच. तिच्या २.६ किलोवॅट-तासांच्या बॅटरीत निकेल औषधालाही नाही. ती लिथियम-आयर्न-फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी: वजनाला थोडी जास्त, पण स्वस्त आणि सहसा पेट न घेणारी.

निकेल लागतं लांब पल्ल्याच्या मोटारींच्या आणि काही स्कूटरींच्याही बॅटऱ्यांना. जगातलं निम्म्याहून जास्त निकेल इंडोनेशियाच्या खाणींतून येतं. तिथे जंगल तुटतं, भट्ट्या कोळशाच्या विजेवर चालतात. मग विजेची गाडी ‘स्वच्छ’ कसली डोंबलाची? आपल्याजवळचा निकेल कारखाना गोव्यात, कुंकळ्ळीला. २०२१ मध्ये तो वेदांता कंपनीने घेतला. माझ्या मते, स्वच्छ खाणींची वाट बघण्यापेक्षा जुन्या बॅटऱ्यांतलं निकेल परत काढणं लवकर जमेल.

स्कूटर घेताना दुकानात एवढं विचाराच: बॅटरीतले सेल एलएफपी की निकेलवाले एनएमसी?